गिटारच गाते तेव्हा: ब्लॅकस्ट्रॅटब्लूजचा पहिला अल्बम

बेंगळुरूच्या 'थर्मल अँड अ क्वार्टर' या बँडमधल्या ब्रूस ली मणींची गिटार आवडीने ऐकणाऱ्यांनो, आज मुंबईच्या वॉरन मेंडोन्साबद्दल. 'झीरो' या मुंबईकर रॉक बँडचा हा गिटारवादक. शंकर-एहसान-लॉय या संगीतकार त्रयीतल्या लॉय यांचा पुतण्या. पण ही ओळख सांगायची गरज पडू नये, इतकं त्याचं काम स्वतंत्र आहे.

'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' या नावाने त्याचा पहिला अल्बम 2007 मध्ये आला: 'नाइट्स इन शायनिंग कर्मा'. वाद्यसंगीताचा अल्बम, त्यामुळे गाण्याची सगळी जबाबदारी गिटारवर. आणि ती खरोखर गाते!

कसं? डाव्या हाताच्या बोटांनी तार आडवी ताणली की स्वर वर सरकतो. याला बेंडिंग म्हणतात. सतारीवरची मींड अशीच तार ओढून निघते. वॉरनचं बेंडिंग सुरात नेमकं पोचतं, मग तिथे तो स्वर हळुवार हलवत ठेवतो. यामागची स्वरमाला म्हणजे ब्लूजची मायनर पेंटाटॉनिक: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. धानी राग ऐकलेल्या कानाला हे स्वर ओळखीचे वाटतील.

वेगाने वाजवणारे पुष्कळ असतात. वॉरन दोन स्वरांमध्ये थांबतो, श्वास घेतो. माझ्या मते भारतातल्या इलेक्ट्रिक गिटारच्या अल्बममध्ये या अल्बमची जागा फार वरची आहे.

हेडफोन लावून अल्बम सलग ऐका, आणि कोणता तुकडा आवडला ते नक्की लिहा.