यॉर्क ते माद्रिद : सिटीच्या पाठीराख्यांचं पाव शतक

17 मे 2023. मँचेस्टरमध्ये बुधवारची रात्र होती आणि आपल्याकडे साडेबारा वाजून गेले होते, म्हणजे तारखेनं गुरुवार लागला होता. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीची परतीची लढत, मँचेस्टर सिटी विरुद्ध रेआल माद्रिद. घरातले सगळे झोपलेले, म्हणून टीव्हीचा आवाज बंद करून मी एकटा बसलो होतो. 37 व्या मिनिटाला बर्नार्डो सिल्वानं डोक्यानं चेंडू जाळ्यात घातला आणि 2-0 झालं. उठून उभा राहिलो, दोन्ही मुठी आवळल्या आणि पुढच्याच क्षणी पोटात गोळा आला. अजून अख्खा उत्तरार्ध बाकी होता आणि समोर माद्रिद होतं.

सिटीचा पाठीराखा असणं म्हणजे काय, हे या पोटातल्या गोळ्यावरून कळतं. मँचेस्टरमध्ये त्याला दोनच शब्द आहेत : ‘टिपिकल सिटी’. हातातोंडाशी आलेला घास जाणार, आणि तोही कुणाच्या स्वप्नात येणार नाही अशा रीतीनं जाणार, हा त्याचा अर्थ. नव्वदच्या दशकाच्या शेवटी संघाचे व्यवस्थापक असलेल्या जो रॉयल यांनी तर याला आजाराचंच नाव दिलं होतं, ‘सिटीआयटिस’. त्या रात्री तो आजार बरा झाला, असं मी मानतो. पण त्यासाठी आधी आजार किती जुना होता ते पाहायला हवं.

1996 च्या मे महिन्यात शेवटच्या सामन्यात लिव्हरपूलशी 2-2 अशी बरोबरी झाली. बरोबरीनं आपण वाचू, अशी चुकीची बातमी मैदानात पोचली म्हणून सिटीचे खेळाडू शेवटची मिनिटं कॉर्नरपाशी चेंडू अडवून वेळ काढत राहिले. प्रत्यक्षात जिंकणं गरजेचं होतं. संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला. दोन वर्षांनी आणखी एक पायरी घसरला, तेही शेवटच्या दिवशी स्टोकला 5-2 असं हरवून. 1998-99 चा हंगाम सिटीनं इंग्लिश फुटबॉलच्या तिसऱ्या श्रेणीत काढला. 19 डिसेंबर 1998 ला यॉर्क या छोट्या शहराच्या संघाकडून 2-1 अशी हार पत्करली, तेव्हा सिटी त्या तिसऱ्या श्रेणीतही बाराव्या स्थानावर होती. क्लबच्या इतिहासातली ती सर्वांत खालची जागा.

त्या हंगामात मेन रोडच्या मैदानावर दर सामन्याला सरासरी 28 हजारांवर माणसं येत होती. तिसऱ्या श्रेणीतल्या सामन्याला! या एका आकड्यापुढे मी नेहमी थांबतो. शहराच्या दुसऱ्या टोकाला मँचेस्टर युनायटेड सगळं जिंकत असताना, थंडीपावसात, हरणाऱ्या संघासाठी पोराबाळांना घेऊन येणारी ही माणसं. बापानं मुलाला आणलं म्हणून मुलानं नातवाला आणलं, आपल्याकडे वारी जशी घरात चालत येते तसं. सिटीकडे पुढे पैसा आला तेव्हा ‘यांना पाठीराखेच नाहीत’ असं म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांना मी हाच आकडा सांगत आलो आहे.

30 मे 1999. वेम्बलीवर जिलिंगहॅमविरुद्ध बढतीचा सामना. चारच दिवस आधी युनायटेडनं बार्सिलोनात युरोपचं विजेतेपद घेऊन एका हंगामात तीन मोठे चषक पूर्ण केले होते. इकडे सिटी शेवटची काही मिनिटं उरली असताना 2-0 नं मागे. निळे शर्ट घातलेली माणसं खाली माना घालून स्टेडियमबाहेर निघाली. 90 व्या मिनिटाला केव्हिन हॉरलॉकनं एक गोल केला. भरपाई वेळेच्या पाचव्या मिनिटाला पॉल डिकॉव्हनं दुसरा. समोरचा गोलरक्षक व्हिन्स बार्टरम हा डिकॉव्हचा जिवलग मित्र, त्याच्या लग्नातला करवला. आतला गलका ऐकून बाहेर पडलेली माणसं परत पायऱ्या चढून धावत आत आली. पेनल्टींवर वीस वर्षांचा गोलरक्षक निकी वीव्हर हिरो ठरला आणि आनंदानं असा काही सुसाट पळत सुटला की सहकाऱ्यांना त्याला धरावं लागलं. डिकॉव्हचा तो गोल झाला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं, असं जुने पाठीराखे आजही सांगतात, आणि ते मला पटतं.

पुढचा पल्ला भराभर सांगता येतो. 2003 मध्ये मेन रोड सोडून नवं मैदान. 2008 च्या सप्टेंबरात अबू धाबीच्या शेख मन्सूर यांच्या गटानं क्लब विकत घेतला. 13 मे 2012 ला क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध भरपाई वेळेत सर्जिओ अग्वेरोचा गोल आणि 44 वर्षांनी लीगचं विजेतेपद. मी सिटीचा झालो तो त्याच दिवशी. आपल्याकडचे बहुतेक चाहते तेव्हापासूनचे किंवा त्यानंतरचे. यॉर्क आम्ही पाहिलं नाही, ते ऐकून आणि वाचून आमचं झालं.

2016 मध्ये पेप गार्डिओला आले आणि इंग्लंडमध्ये सिटीला अडवणं कठीण झालं. युरोपात मात्र जुना आजार अंगातून जाईना. 2018 मध्ये लिव्हरपूलनं उपांत्यपूर्व फेरीत 5-1 असं धुतलं. 2019 मध्ये टॉटनहॅमविरुद्ध रहीम स्टर्लिंगनं भरपाई वेळेत गोल केला, सगळं मैदान वेडं झालं, आणि व्हिडिओ पंचांनी अग्वेरो ऑफसाइड असल्याचं दाखवून तो गोल पुसून टाकला. 2020 मध्ये लिस्बनच्या रिकाम्या मैदानावर लियॉंकडून हार. 2021 मध्ये पोर्तोत पहिल्यांदाच अंतिम सामना, आणि चेल्सीकडून 1-0 असा पराभव.

आणि मग 4 मे 2022. माद्रिदचं सँटियागो बर्नाबेऊ. 89 मिनिटं झाली होती, एकूण गोलसंख्येत सिटी 5-3 नं पुढे. त्याच्या जरा आधी जॅक ग्रीलिशचा एक फटका गोलरेषेवरून परतवला गेला होता, दुसरा गोलरक्षक थिबॉ कुर्तुआच्या पायाला चाटून बाहेर गेला होता. तिथून बदली खेळाडू रॉड्रिगोनं दोन मिनिटांच्या आत दोन गोल केले. जादा वेळेत करीम बेन्झेमाची पेनल्टी, आणि खेळ खल्लास. त्या रात्री टीव्ही बंद करायचंही मला सुचलं नाही. सकाळी ऑफिसला जाताना लोकलमध्ये शेजाऱ्याच्या मोबाइलवर तेच गोल चालू होते, मी तोंड फिरवून दाराकडे पाहत राहिलो.

म्हणून 2023 मध्ये उपांत्य फेरीत पुन्हा माद्रिदच समोर आलं, तेव्हा उत्साहापेक्षा धाकधूक जास्त होती. 9 मेच्या पहिल्या लढतीत व्हिनिसियसनं गोल केला, केव्हिन डी ब्रॉयनानं लांबून सणसणीत फटका मारून फेडला, 1-1. सगळं मँचेस्टरवर येऊन ठेपलं.

मी हा सामना त्यानंतर कितीदा पाहिला याची मोजदाद नाही. पूर्वार्धात चौदा वेळच्या युरोपियन विजेत्यांना मध्यरेषा ओलांडणंही अवघड झालं होतं. जॉन स्टोन्स हा मूळचा बचावपटू, तो मधल्या फळीत येऊन टोनी क्रूस आणि लुका मॉड्रिचच्या मध्ये चेंडू मागत होता. व्हिनिसियसला काइल वॉकरनं एका बाजूला बांधून ठेवलं होतं. एर्लिंग हालांडचे दोन हेडर कुर्तुआनं असे अडवले की मी डोक्याला हात लावला. आज हा माणूस पुन्हा आपल्याला मारणार, हाच विचार मनात आला.

23 व्या मिनिटाला डी ब्रॉयनानं उजवीकडे चेंडू सरकवला आणि बर्नार्डोनं डाव्या पायानं तो जवळच्या खांबाच्या बाजूनं वर ठोकला. कुर्तुआ हलला, पण उलट दिशेला. 35 व्या मिनिटाला क्रूसचा लांबूनचा फटका क्रॉसबारवर आदळला. त्या ‘ठण्’ नंतर मैदानात काय वाटलं असेल ते घरात आवाज बंद असतानाही कळलं. दोनच मिनिटांनी इल्काय गुंडोगनचा फटका अडला, चेंडू उंच उडाला आणि अंगानं किरकोळ असलेल्या बर्नार्डोनं शांतपणे, जागा पाहून, त्याला डोक्यानं दिशा दिली. गोलपाशी माद्रिदची माणसं उभी होती, चेंडू त्यांच्यामधून गेला.

उत्तरार्धात हालांडचा एक फटका कुर्तुआच्या पायाला लागून बारवर गेला आणि भीती पुन्हा डोकं वर काढू लागली. 76 व्या मिनिटाला डी ब्रॉयनाची फ्री किक, मान्युएल अकांजीचं डोकं, आणि एडर मिलिटाओला लागून चेंडू आत. नोंद स्वयंगोल अशी झाली. एकूण गोलसंख्या 4-1. गोळा विरघळला तो इथे. दोन मिनिटांत दोन गोल करणारं माद्रिद आम्ही पाहिलेलं होतं, पण तीन गोलांची आघाडी होती आणि माद्रिदचे खेळाडू दमलेले दिसत होते. पन्नास हजारांवर माणसं उभी राहून गात होती. कॅमेरा फिरला तेव्हा एक पिकल्या केसांचा माणूस दिसला. तो गात नव्हता, नाचतही नव्हता. दोन्ही हात डोक्यावर ठेवून नुसता मैदानाकडे पाहत होता. यॉर्कला गेला असेल का हा, असं माझ्या मनात आलं.

भरपाई वेळेत फिल फोडेननं पास दिला आणि नुकत्याच आत आलेल्या हूलियन अल्वारेझनं चौथा गोल केला. फोडेन शेजारच्या स्टॉकपोर्टचा, लहानपणापासून सिटीच्याच अकादमीत वाढलेला. जिलिंगहॅमच्या सामन्यानंतर वर्षभरानं, 2000 च्या मे महिन्यात त्याचा जन्म. शेवटच्या गोलाचा पास त्याच्या पायातून गेला, याचा स्टँडमधल्या स्थानिक माणसांना किती आनंद झाला असेल!

युरोपातल्या उपांत्य सामन्यात सिटीनं असा दणका यापूर्वीही एकदा दिला होता, हे नव्या चाहत्यांना फारसं माहीत नसतं. 15 एप्रिल 1970 ला मेन रोडवर जर्मनीच्या शाल्के 04 ला 5-1 असं हरवून सिटीनं कप विनर्स कपची अंतिम फेरी गाठली. नील यंगचे दोन गोल, शिवाय माइक डॉइल, फ्रान्सिस ली आणि कॉलिन बेल यांचे प्रत्येकी एक. व्हिएन्नात भर पावसात पोलंडच्या गुर्निक झाब्जेला 2-1 असं नमवून चषकही आणला. त्याच रात्री इंग्लंडमध्ये एफए कपची फेरलढत असल्यामुळे तो सामना तिकडच्या लोकांना टीव्हीवर दिसलाही नाही. त्या मोठ्या संघातले यंग 2011 मध्ये गेले, बेल 2021 मध्ये. ली यांना मात्र 17 मेची रात्र लाभली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते वारले.

1968 मध्ये लीगविजेते म्हणून सिटी पहिल्यांदा युरोपियन कपमध्ये उतरली, तेव्हा प्रशिक्षक माल्कम अ‍ॅलिसन यांनी आम्ही युरोपला धडकी भरवू अशी घोषणा केली होती. पहिल्याच फेरीत फेनरबाचेनं इस्तंबूलमध्ये 2-1 असं हरवून घरी पाठवलं. पंचावन्न वर्षांनी, 10 जून 2023 ला, त्याच शहरात इंटर मिलानविरुद्ध 68 व्या मिनिटाला रॉड्रिगो एर्नांदेझचा, आपल्या रॉड्रीचा, एकमेव गोल झाला आणि लीग, एफए कप आणि युरोप असे तिन्ही चषक एका हंगामात आले. दोन दिवसांनी मँचेस्टरमध्ये विजययात्रा निघाली तेव्हा विजांसह पाऊस कोसळत होता. माणसं भिजत उभी राहिली.

आपल्याकडे या आनंदाला आणखी एक धागा होता. 2019 च्या नोव्हेंबरात सिटीच्या मालक गटानं मुंबई सिटी एफसीमध्ये 65 टक्के हिस्सा घेतला. 13 मार्च 2021 ला, गोव्यात मडगावजवळच्या फातोर्डा मैदानावर, बिपिन सिंगनं शेवटच्या मिनिटांत गोल करून मुंबईला आयएसएलचं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. अंधेरीच्या मैदानावर आकाशी निळा शर्ट घातलेली मुलं दिसू लागली, त्यांतली बरीच शनिवारी संध्याकाळी अंधेरीत आणि रात्री टीव्हीवर मँचेस्टरला असत. 18 मेच्या पहाटे त्यांच्यापैकी किती जणांनी माझ्यासारखा आवाज बंद ठेवून जल्लोष केला असेल!

पैशाचा प्रश्न मी टाळणार नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये प्रीमियर लीगनं आर्थिक नियम मोडल्याचे शंभराहून अधिक आरोप सिटीवर ठेवले, क्लबनं ते फेटाळले, आणि 2024 च्या सप्टेंबरात त्यांची सुनावणी सुरू झाली. आरोप सिद्ध झाले तर शिक्षा झालीच पाहिजे, असं माझं मत आहे. खेळाचे नियम माझ्या क्लबपेक्षा मोठे आहेत. पण 1998 च्या डिसेंबरात यॉर्कच्या थंडीत उभ्या राहिलेल्या माणसांनी कुणाचे पैसे घेतले नव्हते. 17 मेच्या रात्रीचा आनंद आधी त्यांचा होता.

माद्रिदनं नंतर हिशेब चुकते केले. 2024 मध्ये पेनल्टींवर, 2025 मध्ये दोन्ही लढती जिंकून. त्याचं वाईट वाटलं, पण पोटात तो जुना गोळा आला नाही. हरलो, इतकंच.

चषक इस्तंबूलला मिळाला, पण तो सामना दोन्ही संघ दबकत खेळले. सिटीचा आजवरचा सर्वोत्तम सामना 17 मे 2023 चा, हे माझं ठाम मत आहे. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी, कुठल्याही संघाचे असोत, पहिली पंचेचाळीस मिनिटं तरी सलग बसून पाहावीत.