पानपिंपळी व करोनाव्हायरस

पानपिंपळी : (पिंपळी, लेंडीपिंपळी, हिं. पीपर, सं. पिप्पली, मागधी, कणा, लॅ. पायपर लाँगम, कुल–पायपरेसी). नागवेलीच्या वंशातील ही सुगंधी वेल अमरावती जिल्ह्यात अंजनगाव-सुर्जी व अकोला जिल्ह्यात अकोट, तेल्हारा ह्या सातपुड्याच्या पायथ्याकडील तालुक्यांत लावतात. पानमळ्यांचा पिढीजात अनुभव असलेला बारी समाज तिच्या लागवडीत अग्रेसर आहे. कणसे हिरवी असतानाच तोडून उन्हात वाळवितात. खोकला व दमा ह्यांवरील त्रिकटू, सितोपलादी इ. चूर्णांत ती पडते. तिच्यात पायपरीन व पायपरलाँग्युमीन ही अल्कलॉइडे असतात.

कोविड-१९ च्या साथीत केंद्र शासनाने मे २०२० मध्ये जाहीर केलेल्या आयुर्वेदीय औषधांच्या चाचण्यांत गुळवेल व पिंपळी हा योग होता. ६ ऑक्टोबर २०२० च्या उपचारसंहितेतही तो आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती व अकोला येथे संसर्ग झपाट्याने वाढून पुन्हा टाळेबंदी करावी लागली. अशा वेळी परसातील वेलीचा आधार वाटणे स्वाभाविक होते. परंतु कफावरील गुण आणि व्हायरसाला रोखण्याचा गुण ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत.

करोनाव्हायरसाच्या प्रमुख प्रोटिएज एंझाइमास पायपरीन चिकटू शकेल, असे संगणकीय अभ्यासांत दिसले. तथापि तो केवळ अंदाज असतो. पुढे कोशिका-संवर्धनात, कोशिकांना अपाय न करणाऱ्या मात्रेत व्हायरसाची वाढ थांबली पाहिजे. काढ्यातील टॅनिने प्रथिनांना सरसकट बांधतात, त्यामुळे येथे फसगत होते. कोशिका कोणत्या, हेही महत्त्वाचे : हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन माकडाच्या वृक्ककोशिकांत प्रभावी ठरले, मानवी फुप्फुसाच्या कोशिकांत नाही, जून २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत रुग्णालयातील रुग्णांना त्याचा लाभ आढळला नाही. पिंपळीचा व्हायरसरोधी गुण माणसांवरील मोठ्या नियंत्रित चाचणीने सिद्ध झालेला नाही.

पायपरिनाचा दुसरा गुण मात्र प्रस्थापित आहे. यकृत व आतडे ह्यांतील औषधे मोडणाऱ्या एंझाइमांना ते रोखते, त्यामुळे अन्य औषधे रक्तात अधिक प्रमाणात पोहोचतात. जम्मू येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधनातून क्षयावरील रिफॅम्पिसिनाची ४५० मिग्रॅ. ची मात्रा १० मिग्रॅ. पायपरिनासह २०० मिग्रॅ. वर आणता आली. ह्याच कारणाने मधुमेह, अपस्मार किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याने वैद्यास न विचारता पिंपळी रोज घेणे धोक्याचे आहे. तिच्या जोडीच्या गुळवेलीविषयीही प्रश्न उद्‌भवला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० ह्या काळात ती घेणाऱ्या मुंबईतील ६ रुग्णांत यकृताची इजा आढळल्याचे डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची ओळख तपासलीच नव्हती, असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता.