केशवाहिनी आणि शोथ

दोन्ही पायांवर सूज घेऊन येणारा रुग्ण आपणा सर्वांच्याच परिचयाचा आहे. घोट्याजवळ बोटाने दाबले की खड्डा पडतो, आपण शोथ अशी नोंद करतो आणि बहुधा पुनर्नवा लिहून मोकळे होतो. ही सूज मुळात कोठे उत्पन्न होते, हे पाहावयाचे तर केशवाहिनीच्या भिंतीपाशी जावे लागते.

विल्यम हार्वे याने १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला, तेव्हा धमनीतील रक्त सिरेत कोणत्या वाटेने जाते, हे त्याला दाखविता आले नव्हते. ती वाट मार्सेलो मालपिघी याने १६६१ साली बेडकाच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. सुश्रुताने शारीरस्थानात सिरांच्या विस्ताराला झाडाच्या पानावरील शिरांची उपमा दिली आहे. केशवाहिन्यांच्या जाळ्यालाही ती शोभते. चरकाने स्रोतस या शब्दाची फोड स्रवण या क्रियेवरून केली आहे. म्हणून स्रोतस म्हणजेच केशवाहिनी असे समीकरण मांडणे आम्हांस मान्य नाही. मात्र स्रवण हा केशवाहिनीचा धर्मच होय, हे पुढील विवेचनावरून दिसेल.

केशवाहिनीचा व्यास साधारणतः ५ ते १० मायक्रॉन असतो. तांबडा रक्तकण ७ ते ८ मायक्रॉनचा, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी त्याला वाकून, एकामागून एक असेच पुढे सरकावे लागते. भिंत म्हणजे चपट्या पेशींचा एकच थर व त्याखालील पातळ पटल. मेंदूत या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, वृक्काच्या गुच्छांत त्यांना सूक्ष्म छिद्रे असतात, तर यकृतात प्रथिनेही सहज जातील एवढ्या मोठ्या फटी असतात. (शरीरातील केशवाहिन्यांची लांबी एक लाख किलोमीटर असल्याचे नेहमी छापून येते. ऑगस्ट क्रोग याने पन्नास किलो स्नायू गृहीत धरून केलेला तो हिशेब आहे; सामान्य माणसाला तो लागू पडत नाही.)

या भिंतीत स्नायूंचा थर नसतो, ही बाब चिकित्सकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. केशवाहिनीत किती दाबाने रक्त यावे, हे मुख्यतः अलीकडची धमनिका आकुंचन पावून ठरविते. अर्नेस्ट स्टार्लिंग याने १८९६ साली दाखविले की, आतील दाब द्रवाला बाहेर ढकलतो आणि रक्तातील प्रथिने, विशेषतः अल्ब्युमिन, त्याला आत धरून ठेवतात. धमनीकडील टोकाला हा दाब पाऱ्याच्या सुमारे ३५ मिलिमीटर, सिरेकडील टोकाला सुमारे १५ आणि प्रथिनांची ओढ सुमारे २५. द्रव एका टोकाला बाहेर पडतो व दुसऱ्या टोकाला परत शोषला जातो, असे आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केले होते. आता मत बदलले आहे. बहुतेक धातूंमध्ये द्रव केशवाहिनीच्या संपूर्ण लांबीभर सावकाश झिरपतच राहतो आणि लसिकावाहिन्यांच्या मार्गाने रक्तात परततो.

तेव्हा शोथ चार वाटांनी येऊ शकतो : हृदयविकारादी कारणांनी केशवाहिनीतील दाब वाढणे, वृक्क वा यकृताच्या विकारात अल्ब्युमिन घटणे, भिंतच सैल होणे, किंवा हत्तीरोगाप्रमाणे लसिकेचा मार्ग बंद होणे.

पहिल्या वाटेची एक उपवाट आम्हांस उशिरा कळली. साठीच्या एका गृहस्थांना आम्ही दोन महिने पुनर्नवाष्टक क्वाथ दिला, मीठ बंद केले. सूज तसूभरही हलली नाही. लघवीत प्रथिने नव्हती, हृदयाची तपासणीही निर्दोष होती. अखेर त्यांच्या सुनेने औषधांची पिशवी आणून दाखविली. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिनची गोळी सूज येण्याच्या थोडे आधी ५ वरून १० मिलिग्रॅम करण्यात आली होती. हे औषध धमनिका सैल करते, सिरेकडील बाजू मात्र तेवढी सैल होत नाही. मधल्या केशवाहिनीत दाब वाढतो व पाणी झिरपते. शरीरात पाणी साठलेलेच नसते, म्हणून मूत्रल औषधाचा उपयोग थोडाच होतो. त्यांच्या डॉक्टरांनी औषध बदलले आणि काही आठवड्यांत पाय उतरले. चूक आमची होती; आम्ही विचारलेच नव्हते. अशा वेळी गोळी आपण होऊन बंद करू नये, रुग्णास मूळ डॉक्टरांकडे पाठवावे. औषधालयचालक बंधूंच्या हाती तर ती पट्टी रोजच असते.

भिंत सैल होण्याचे गंभीर उदाहरण डेंग्यूचे. तेथे पायांवर काही दिसत नाही. रक्तातील द्रव फुफ्फुसावरणात व उदरात उतरतो आणि रक्त दाट होते. हे बहुधा ताप उतरण्याच्या सुमारास, एक-दोन दिवसांत घडते, नेमके घरचे लोक निर्धास्त होतात तेव्हा. प्लेटलेटच्या आकड्यावरच सर्वांचे लक्ष असते, पण हिमॅटोक्रिट चढत असेल तर गळती चालू आहे असे समजावे. पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, रक्तस्राव, अस्वस्थता किंवा हातपाय गार पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास काढ्यावर वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे. अशा तापात दुकानातून आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक वा अ‍ॅस्पिरिन देऊ नये.