सूर्याच्या वाऱ्याची वेस

सूर्य प्रकाशाबरोबर स्वतःचे द्रव्यही अखंड उधळत असतो. विद्युतभारित कणांचा हा सौरवारा सेकंदाला ३०० ते ८०० किलोमीटर वेगाने चहूकडे सुटतो आणि सूर्याचे चुंबकीय क्षेत्र सोबत ओढून नेतो. युजीन पार्कर यांनी १९५८ साली हे गणिताने मांडले, तेव्हा दोन्ही परीक्षकांनी त्यांचा शोधनिबंध नाकारला. ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’चे संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनाही ती कल्पना रुचली नव्हती. पण गणितात चूक सापडेना, म्हणून त्यांनी तो छापला. असा संपादक लाभणे हे विज्ञानाचे भाग्यच.

ताऱ्यांमधली जागा मात्र रिकामी नाही. तिथल्या विरळ वायूतून सूर्यमाला सेकंदाला सुमारे २६ किलोमीटर वेगाने चालली आहे. त्या वायूलाही स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आहे, पृथ्वीच्या क्षेत्राच्या जेमतेम लाखाव्या भागाइतके. सौरवारा आणि हा वायू या दोन्हींचा दाब जिथे तुल्यबळ होतो, तिथे सूर्याची वेस लागते. तिला हेलिओपॉज म्हणतात.

व्हॉयेजर-१ हे यान ऑगस्ट २०१२ मध्ये सूर्यापासून सुमारे १,८०० कोटी किलोमीटरवर होते. तिथे सूर्याकडचे कण एकाएकी ओसरले, बाहेरच्या वैश्विक किरणांचा मारा वाढला. चुंबकीय क्षेत्राची दिशा मात्र जवळपास तशीच राहिली! वेस ओलांडली तर दिशा बदलायला हवी, अशी बहुतेकांची अपेक्षा होती. प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, मोजणारे त्याचे उपकरण १९८० मध्येच निकामी झालेले, त्यामुळे वाद मिटेना. अखेर सूर्यच मदतीला आला. मार्च २०१२ मधल्या सौर उद्रेकाचा धक्का वर्षभराने यानापर्यंत पोचला आणि भोवतालचे इलेक्ट्रॉन थरथरले. त्या कंपनांच्या वारंवारतेवरून डोनाल्ड गर्नेट आणि सहकाऱ्यांनी घनता काढली: घन सेंटिमीटरमागे ०.०८ इलेक्ट्रॉन, म्हणजे वेशीच्या आतल्यापेक्षा सुमारे चाळीसपट. इतका दाट प्लाझ्मा वेशीबाहेरचाच असणार; यान बाहेर पडले होते.

व्हॉयेजर-२ ने ५ नोव्हेंबर २०१८ रोजी वेस ओलांडली. त्याचे प्लाझ्मा उपकरण चालू होते, आणि क्षेत्राची दिशा तिथेही फारशी बदलली नाही. एकदा घडले असते तर योगायोग म्हणता आले असते. बाहेरचे क्षेत्र वेशीपाशी अडून तिच्यावर लपेटले जाते, हे स्पष्टीकरण मला सर्वांत सयुक्तिक वाटते. पण दोन्ही ठिकाणी आतली आणि बाहेरची दिशा इतकी जुळावी का, याचे पूर्ण उत्तर त्यात नाही.

या क्षीण बाह्य क्षेत्राची दुसरी खूण पृथ्वीजवळूनच सापडली. ‘आयबेक्स’ उपग्रहाने २००९ मध्ये वेशीकडून येणाऱ्या उदासीन, म्हणजे विद्युतभार नसलेल्या, अणूंचा नकाशा काढला, त्यात आकाशभर पसरलेला एक तेजस्वी पट्टा दिसला. त्याचे भाकीत कुणीच केले नव्हते. सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण असे: सौरवाऱ्यातले काही कण उदासीन होऊन वेशीपलीकडे जातात, तिथे पुन्हा भारित होऊन बाह्य क्षेत्राभोवती घिरट्या घालतात, परत उदासीन होतात आणि त्यांतले काही आपल्याकडे वळतात. आपल्या दृष्टिरेषेला बाह्य क्षेत्र जिथे काटकोनात असते, तिथेच हा पट्टा उजळतो.

अधिक स्पष्ट नकाशे काढण्यासाठी ‘आयमॅप’ हे यान सप्टेंबर २०२५ मध्ये निघाले आहे. वेशीपलीकडून प्रत्यक्ष मोजमाप पाठवणारी याने मात्र दोनच, आणि वीज कमी पडत असल्याने त्यांची उपकरणे एकेक करून बंद करावी लागत आहेत. त्यांच्या मागून निघालेले न्यू होरायझन्स हे यान अजून साधारण निम्म्या वाटेवर आहे.