दवाखान्यातल्या मावशीचा मालक कोण?

सरकारी दवाखान्यात गेलं की आधी भेटते ती मावशी. पेशंटला स्ट्रेचरवर घेणारी, बाळंतिणीचं सगळं करणारी, फरशी पुसणारी. पूर्वी ही मावशी सरकारी नोकर असायची. आता ती रिटायर झाली, की जागा रिकामी तरी राहते, नाहीतर ठेकेदाराचा माणूस येतो. कोणाला काढल्याची नोटीस लागत नाही, पण कपात गुपचूप होतेच.

मैत्रिणींनो, माणसं कमी पडली की काय होतं, याची धास्ती आपल्या जिल्ह्याने घेतली आहे. 2023 च्या सप्टेंबरअखेर नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यात 12 नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन रिक्त पदांचा हिशेब मागितला. एका खासदाराने मात्र अधिष्ठात्यांनाच संडास साफ करायला लावला. सफाईच्या किती जागा भरल्यात, हे आधी विचारायला नको होतं का?

नर्सताईंनी तर आधीच सावध केलं होतं. ठेकेदारामार्फत भरती नको म्हणून मे 2022 मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातल्या कंत्राटी बहिणी तर वर्षानुवर्षं अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर राबल्या. दहा वर्षं झालेल्यांना सामावून घ्यायचं मार्च 2024 मध्ये ठरलं. त्याच्या अंमलबजावणीसाठी त्यांना ऑगस्ट 2025 मध्ये पुन्हा संप करावा लागला.

माझ्या ओळखीच्या एका मावशीचा तीन महिने पगार झाला नव्हता. दवाखाना म्हणे, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणे, बिल निघालं नाही. किराणावाला उधारी कुठवर देणार? पोराची फी थकली ती वेगळीच.

खरं तर ठेकेदाराने पगार थकवला, तर ज्याच्याकडे काम चालतं त्या मूळ मालकाने तो द्यायचा, असं 1970 पासून कायद्यात आहे. म्हणून अशा बायांना एवढं जरूर सांगा : हजेरीची नोंद स्वतःकडे ठेवा. पगाराची स्लिप मागा. पीएफ कापतात, तर यूएएन नंबर घ्या आणि पैसे खरंच भरले का ते बघा. एकटीने नाही, चौघींनी मिळून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आणि आपण? वॉर्डात घाण दिसली की मावशीवर ओरडणं सोपं असतं. त्याआधी एवढंच विचारू या, “मावशी, आज ड्युटीवर किती जणी आहात?” उत्तर ऐकून मग तक्रार कुणाकडे न्यायची ते ठरवू.