एरिख हार्टमन : घाई विसरलेला वैमानिक

१४ ऑक्टोबर १९४२. दुसरं महायुद्ध चालू होतं. कॉकेशसमध्ये वीस वर्षांचा जर्मन वैमानिक एरिख हार्टमन पहिल्यांदा लढाईला उडाला आणि एकाच फेरीत सगळ्या चुका करून मोकळा झाला. रशियन विमानं दिसताच म्होरक्या रॉसमनला मागे टाकून तो पुढे घुसला. नेम चुकला. मग ढगात शिरला, वाट हरवली, पेट्रोल संपलं आणि शेवटी आपलं मेसरश्मिट विमान पोटावर घासत जमिनीवर उतरवावं लागलं. शिक्षा म्हणून तीन दिवस मेकॅनिकांच्या हाताखाली काम. पोरगेल्या चेहऱ्यामुळे सगळे त्याला 'बुबी' म्हणत, म्हणजे आपल्याकडचा 'बाळ्या'.

खरं तर उडणं त्याच्या घरातच होतं. वडील डॉक्टर, काही वर्षं चीनमध्ये होते. आई ग्लायडर उडवायची, तिनेच त्याला शिकवलं. तरी जानेवारी १९४३ संपला तेव्हा त्याच्या नावावर दोनच विमानं होती. युद्ध संपेपर्यंत हाच आकडा ३५२ वर गेला. लढाऊ वैमानिकांच्या इतिहासात याहून मोठा आकडा नाही. तो दाव्यांचा आहे आणि काही अभ्यासक त्यावर शंका घेतात, पण निम्मा धरला तरी छाती दडपते.

हे जमलं कसं? कसरतींनी नव्हे. हवेतली झोंबाझोंबी तो टाळायचा. आधी बघायचं, मग ठरवायचं. जमत नसेल तर सोडून द्यायचं. जमत असेल तर समोरची काच शत्रूच्या विमानानं भरून जाईपर्यंत बंदुकीला हात लावायचा नाही. मग एक सरबत्ती आणि लगेच पसार. इतक्या जवळून मारल्यावर फुटलेल्या विमानाचे तुकडे त्याच्याच विमानावर आदळत.

२० ऑगस्ट १९४३ ला अशाच तुकड्यांनी घात केला. तो रशियन हद्दीत उतरला, पकडला गेला. आतून मार लागल्याचं त्यानं असं सोंग वठवलं की त्याला ट्रकमध्ये घालून नेऊ लागले. वाटेत जर्मन बाँबफेकी विमानं दिसताच पहारेकऱ्याला धक्का देऊन त्यानं उडी टाकली आणि सूर्यफुलांच्या शेतात दिसेनासा झाला. रात्री चालत आपल्या फौजेपाशी पोहोचला, तर आपल्याच पहारेकऱ्यानं गोळी झाडली. पँटला भोक पडलं, पाय वाचला.

हिरे जडवलेलं शौर्यपदक त्यानं १९४४ मध्ये हिटलरच्या हातून घेतलं. त्याच्या चाहत्यांची पुस्तकं ही गोष्ट शौर्याच्या थाटात सांगतात. ती राजवट काय करत होती, यावर मात्र पानं उलटत जातात.

८ मे १९४५ ला ब्रनोवर त्यानं शेवटचं विमान पाडलं. मग तुकडीसह अमेरिकनांना शरण गेला. त्यांनी सगळ्यांना सोव्हिएत सैन्याच्या हवाली केलं. तिथे पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. सोव्हिएत विमानं पाडली, हाही आरोपांपैकी एक! घरी मुलगा जन्मला आणि लहानपणीच गेला. बापाला तो पाहताही आला नाही. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर मॉस्कोला जाऊन आले, तेव्हा १९५५ मध्ये सुटका झाली.

पश्चिम जर्मनीच्या नव्या वायुदलात त्याच्याकडे पहिली जेट लढाऊ तुकडी आली. सरकार स्टारफायटर या अमेरिकन लढाऊ जेटच्या प्रेमात होतं. आमचे वैमानिक अजून तयार नाहीत, घाई करू नका, असं हा सांगत राहिला. वरिष्ठांची मर्जी गेली. पश्चिम जर्मनीनं घेतलेल्या ९१६ स्टारफायटरपैकी २९२ कोसळली, ११६ वैमानिक गेले. १९७० मध्ये हार्टमन निवृत्त झाला आणि नवशिक्यांना छोटी विमानं शिकवू लागला.