सायकल आणि चढण



डोंगरांतल्या खडकाळ वाटांवरून सायकल चालविण्याच्या खेळाचा आरंभ उतारावर झाला. अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत मरीन नांवाचा एक जिल्हा आहे. तेथील फेअरफॅक्स गांवाजवळच्या डोंगरी रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं 'रीपॅक' ही शर्यत प्रथम झाली. जाड टायरांच्या जुन्या सायकली घेऊन तरुण मंडळी वरून सुसाट खालीं येत. मागचा ब्रेक इतका तापे कीं त्यांतील वंगण जळून जाई व तें पुन्हां भरावें लागे. त्यावरूनच शर्यतीला हें नांव पडलें. वर जातांना मात्र त्या जड सायकली ढकलीत तरी न्याव्या लागत, नाहीं तर ट्रकमध्यें घालून. १९७७ सालीं जो ब्रीझ यांनीं अशा वाटांसाठीं खास सायकल बांधली. गिअरांची जोड मिळाली आणि उतरण्याची वाट चढण्याचीहि झाली.

आज तशा सायकली आपल्या शहरांतहि मिळतात. मुलें त्या हौसेनें घेतात आणि पहिल्याच घाटांत अर्ध्यावर धापा टाकीत उतरतात. पायांत बळ असतें. हिशेब चुकलेला असतो.

तो हिशेब असा. स्वार ६५ किलो व सायकल १५ किलो, मिळून ८० किलो वजन १०० मीटर उंच न्यावयाचें, तर सुमारें ७८,४०० ज्यूल इतकें कार्य करावेंच लागतें. घर्षणाचा खर्च निराळा. गिअर कोणताहि लावा, ह्या रकमेंत सूट नाहीं. परंतु हें देणें किती वेळांत फेडावयाचें, तें आपल्या हातीं आहे. दहा मिनिटांत फेडलें, तर सुमारें १३० वॅट शक्ति लागते. पांच मिनिटांत फेडूं म्हटलें, तर २६०. पहिला हप्ता पुष्कळ निरोगी माणसांना झेपतो. दुसरा सराव नसलेल्याला लवकरच दमवितो. हलका गिअर म्हणजे लहान हप्त्यांची सोय.

म्हणून चढण लागण्यापूर्वींच गिअर हलका करावा. पायडलांवर सारा जोर असतांना गिअर बदलला, तर साखळी कुरकुरते, निसटते, प्रसंगीं तुटतेहि.

दुसरी गोष्ट बसण्याची. चढ तीव्र झाला कीं अंगाचा भार मागें सरतो व पुढचें चाक उचलूं लागतें. उभें राहून पुढें झुकावें, तर मागच्या चाकावरील भार कमी होऊन तें सैल मातींत घसरतें. ह्या दोहोंमधला मार्ग असा : बैठकीच्या टोकाशीं सरकून बसावें, छाती खालीं आणावी, कोपरें वांकवून खालीं ठेवावींत. हँडल वर ओढूं नये. पायडल झटक्यानें न मारतां सारख्या गतीनें फिरवावें. दृष्टि चाकाखालच्या दगडावर न ठेवतां चार-पांच मीटर पुढें असावी. जेथें नजर खिळते, तेथेंच सायकल जाते.

आतां मनाचें. चढणीवर माणसाला खरोखर थकविते ती ईर्षा. शेजारचा पुढें गेला कीं आपण गति वाढवितों, आणि वर सांगितलेला हप्ता नकळत दुप्पट होतो. ह्यावर साधी कसोटी आहे : चालवितांना एक पुरें वाक्य बोलतां येत असेल, तर गति योग्य; शब्द तुटूं लागले, तर ती कमी करावी. शिखराकडे वारंवार पाहूं नये. पुढचें वळण किंवा पुढचें झाड एवढेंच उद्दिष्ट ठेवावें. छातींत दुखूं लागलें किंवा भोंवळ आली, तर मात्र तत्काळ थांबावें व वैद्यकीय सल्ला घ्यावा. तेथें हट्टाला जागा नाहीं.

आणि चार पावलें उतरून चालावें लागलें, तर त्यांत कमीपणा मानूं नये. पालकांनीं मुलांना "किती वेळांत पोंचलास?" असें विचारण्यापेक्षां "वर पोंचल्यावर बोलण्याइतका दम उरला होता का?" असें विचारावें. ज्याचा दम उरतो, तो पुढच्या रविवारीं पुन्हां आनंदानें चढावयास निघतो.